पाच वर्षांच्या मुलीला प्रोग रॉक ऐकवायचंय, सुरुवात कुठून करू? (एकदा फसलोय)

अर्धाचहा, नाशिक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसा पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

मी कॉलेजपासून प्रोग रॉकवाला (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे ती लांबलचक, प्रयोग करणारी रॉक गाणी). पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, रश, कॅमल, सगळं. २००७ ला फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स मुंबईत आला होता तेव्हा बीकेसीच्या मैदानात तीन तास उभा होतो, पाय सुजले होते पण आजही विषय निघाला की अंगावर काटा येतो. आता मुलगी पाच वर्षांची झाली (घरात चिऊ म्हणतो). बडबडगीतं, तेच ते यूट्यूबवरचे गाड्यांचे व्हिडिओ, आणि शाळेच्या गॅदरिंगचं एकच गाणं गेले दोन महिने दिवसातून पंधरा वेळा. म्हंटलं आता आपलंही काहीतरी हळूहळू कानावर घालावं.

तर दिवाळीत गाडीनं ठाण्याला चाललो होतो, कसारा घाट उतरल्यावर चिऊ मागे आजीच्या मांडीवर झोपलेली, बायको पण पेंगत होती, वातावरण शांत म्हणून मी फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' अल्बम लावला, आणि मी स्वतः इतका रमलो की पुढे काय येणारे तेच विसरलो. 'टाइम' सुरू झालं. ज्यांना माहितीये त्यांना कळलंच असेल. एकदम पन्नास घड्याळांचे गजर! चिऊ किंचाळत उठली, आई म्हणाली "अरे कुणाचा मोबाईल वाजतोय तो बंद करा", बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही. ठाण्यापर्यंत गॅदरिंगचं गाणं.

तेव्हापासून मी काही लावायला गेलो की चिऊ विचारते "बाबा यात घड्याळं आहेत का?"

मुलांना हे ऐकवायचा कुणी प्रयत्न केलाय का? कुठल्या गाण्यानं सुरुवात केली? की दहा-बारा वर्षांची होईपर्यंत गप्प बसू?

मनीमाऊची आई

हाहाहा आजींचा मोबाईल 😂 सॉरी पण फारच डोळ्यासमोर आलं.

आमच्याकडे मी वेडी आहे, नवरा नाही. मुलगी आता सात. माझं म्हणणं, फ्लॉइडपासून सुरुवात करूच नका, ते रात्रीचं आणि मोठ्यांचं म्युझिक आहे. माईक ओल्डफिल्डचं 'ट्युब्युलर बेल्स' लावा. १९७३ चं आहे, पहिली बाजू पंचवीस मिनिटांची, तेवढं सलग कुणी मूल ऐकणार नाही, म्हणून सरळ शेवटच्या सात-आठ मिनिटांवर जा. तिथे एकच धून फिरत राहते आणि एक माणूस एकेका वाद्याचं नाव पुकारतो, लग्नात स्टेजवर पाहुण्यांची नावं पुकारतात ना अगदी तसं थाटात. "ग्रँड पियानो!" की पियानो येतो. मग ऑर्गन, ग्लॉकनस्पील, बास गिटार, मँडोलिन असं करत करत थर चढत जातात आणि सगळ्यात शेवटी "ट्युब्युलर बेल्स!" म्हणतो आणि त्या घंटा वाजतात. आमची चार वर्षांची असताना त्या घंटांची वाट बघत श्वास रोखून उभी राहायची. वाद्यं ओळखायला शिकवावी लागली नाहीत, तो माणूसच शिकवतो.

दुसऱ्या बाजूला मधेच एक जण गुहेतल्या माणसासारखा गुरगुरतो ओरडतो, मोठ्या माणसांना तो भाग सहन होत नाही, मुलांना तोच आवडतो. आमच्याकडे त्याचं नाव "गुहेतले काका".

आणि मुलीला हेही सांगा की हे रेकॉर्ड करताना तो दादा १९ वर्षांचा होता आणि जवळजवळ सगळी वाद्यं त्यानं एकट्यानं वाजवली, एकावर एक रेकॉर्ड करून. माझ्या मुलीचा प्रश्न, "मग त्याला किती हात होते?"

एकच, सुरुवातीची पियानोची धून एका गाजलेल्या भुताच्या सिनेमात वापरलीये. मुलांना त्याचं काही नाही पण माझा नवरा अजून खोलीबाहेर जातो.

धाधिंना

मी तबल्याचे क्लास घेतो, सांगलीत. वय ५८. या विषयावर इथे धागा निघेल असं वाटलं नव्हतं, बरं वाटलं.

अर्धाचहा, तू गाणी शोधतोयस, मुलं मात्रा शोधतात असा माझा अनुभव आहे. मोठ्या माणसाला पाश्चात्त्य गाणं म्हणजे चारच मात्रा अशी सवय झालेली असते त्यामुळे सात आल्या की तो अडखळतो. लहान मुलाला ती सवयच नसते. आणि आपल्याकडच्या मुलाला तर सात म्हणजे रूपक, दहा म्हणजे झपताल, त्यात घाबरण्यासारखं काय आहे.

माझ्या क्लासात मी फ्लॉइडचं 'मनी' लावतो, फक्त सुरुवात. नाण्यांचा खणखणाट, कागद फाटतो, गल्ल्याची घंटा, हे सात आवाज आहेत आणि ते टेपचे सारख्या लांबीचे तुकडे पट्टीनं मोजून कापून एकमेकांना चिकटवून गोल फिरवलेत, त्या काळी कॉम्प्युटर कुठला. नाणी तर मोठ्या मिक्सिंगच्या भांड्यात फिरवून रेकॉर्ड केलेली. मुलांना एवढं सांगितलं की ती स्वतःच बोटांवर मोजायला लागतात. फक्त रूपकाचा ठेका जसाच्या तसा त्यावर टाकू नका, कारण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली आहे (तिथे वजन नसतं) आणि इथे बासचं सगळं वजन पहिल्या मात्रेवर, त्यामुळे ठेका अंगावर उलटा घातल्यासारखा वाटतो. नुसत्या सात टाळ्या द्या.

पुढे सॅक्सोफोन सातातच वाजतो आणि मग गिटार सुरू झाली की गाणं चारात जातं. एकदा पूर्ण लावलं होतं, नऊ वर्षांचा एक मुलगा टाळ्या देता देता थांबला आणि म्हणाला "सर, केरवा झाला!" (केरवा म्हणजे आपला चार-चारचा ताल.) मी त्याला त्या दिवशी बाकी काही शिकवलं नाही, घरी पाठवला.

(पूर्ण लावताना शब्दांकडे लक्ष असू दे, मधे एक शिवी आहे. माझ्या लक्षात नव्हती, एका पालकांच्या होती.)

उगाचच

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

माझे वडील रोज सकाळी साडेपाचला रेडिओवर शास्त्रीय संगीत लावायचे, मोठ्यानं, आणि आम्ही भावंडांनी ते "लक्ष देऊन" ऐकावं अशी अपेक्षा. मधेच विचारायचे, सांग कुठला राग. चुकलं की चेहरा असा करायचे की दूध प्यायची इच्छा जायची. परिणाम काय, मी पस्तिशीपर्यंत तानपुरा ऐकला की उठून दुसऱ्या खोलीत जायचो. आता ऐकतो, आवडतं पण, पण वडील गेले आणि आता सांगायला कुणी नाही.

म्हणून म्हणतो, मुलीला तिची गाड्यांची गाणी ऐकू द्या की. तुम्हाला ऐकायचंय तर तुम्ही ऐका, घरात वाजत राहू द्या, ती आली तर आली. "आपलंही काहीतरी कानावर घालावं" हे वाक्य वाचून मला साडेपाच वाजल्यासारखं झालं.

अर्धाचहा, नाशिक

@उगाचच राग कशाला, हे लागलं मात्र. खरं सांगायचं तर घाटातल्या प्रसंगानंतर मी तिला दोनदा "बघ किती छान आहे" असं म्हणून बसवलं होतं. आता नाही करणार.

@धाधिंना काका, केरवा वाचून मी ऑफिसात एकटा हसलो.

मिसिसागाकर

इकडे कॅनडात रात्रीचा एक वाजलाय, पण या धाग्यावर न लिहिता झोप लागणार नाही.

रशचं 'वाय वाय झी' कुणी सांगितलं नाही अजून?? १९८१ चं, शब्द नाहीत, साडेचार मिनिटांच्या आत संपतं. वाय वाय झी हा टोरंटोच्या विमानतळाचा कोड आहे, आणि विमानतळ खरं तर आमच्या मिसिसागात आहे, घरापासून पंधरा मिनिटं. विमान चालवणाऱ्यांना जागा ओळखता यावी म्हणून रेडिओवर ही अक्षरं मोर्स कोडमध्ये टिकटिकत असतात, आणि गाण्याची सुरुवात म्हणजे तीच टिकटिक, तशीच्या तशी.

वाय म्हणजे डॅश डॉट डॅश डॅश. झी म्हणजे डॅश डॅश डॉट डॉट. आता डॅशला दोन मोजा आणि डॉटला एक. पहिला वाय सात, दुसरा वाय सात, झी सहा. मी मुलाला (तेव्हा सहा वर्षांचा) हे डायनिंग टेबलावर शिकवलं, डॅशला तळहात, डॉटला एक बोट. दोन दिवसांत स्टीलच्या डब्यावर वाजवायला लागला, माझ्याहून जास्त नीट, कारण मी मधेच झीचा शेवटचा डॉट खातो.

मग माझी आई आली पुण्याहून. बॅगेत लोणचं, भाजणी, मेतकूट, कस्टमवाल्यानं सगळं उघडून बघितलेलं, त्यामुळे आई आधीच वैतागलेली. घरी आल्यावर मुलगा बॅग ओढत होता आणि हँडलला लावलेला तो कागदी टॅग वाचून ओरडला, "आजी, तुझ्या बॅगेवर गाणं लिहिलंय!" आणि तिथेच पॅसेजमध्ये बॅगेवर वाजवून दाखवलं. आईला काही कळलं नाही, पण तो टॅग तिनं काढू दिला नाही, परत जाताना तसाच घेऊन गेली, आता पुण्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

धाधिंना

@मिसिसागाकर थांबा थांबा. सात सात सहा म्हणजे वीस. वीस म्हणजे झपतालाच्या दहा मात्रांची दुगुन, दुप्पट लय! मी आत्ता बसून लावून बघितलं. डॅशला धाऽ आणि डॉटला ति घेतलं तर:

धाऽ ति धाऽ धाऽ
धाऽ ति धाऽ धाऽ
धाऽ धाऽ ति ति

हे झपतालात बरोब्बर एका आवर्तनात बसतं आणि समेवर येतं. झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन, त्यामुळे टाळी-खालीशी मधे भांडतं, पण तेच तर गंमतीचं, तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) पण भांडतच येते की समेवर. उद्या पोरांना देतो. विमानतळाचा कायदा म्हणून देतो, हाहा.

रशचा ड्रमर नील पिअर्ट २०२० च्या जानेवारीत गेला. मी त्याला फार उशिरा ऐकलं, एका विद्यार्थ्यानं दाखवलं. इतक्या विषम मात्रा आणि कुठेही कष्ट दिसत नाहीत, आपल्याकडच्या मोठ्या तबलजीसारखं.

ढगातला बोका

मी दोन पोरांचा बाप, पुणे. फटाफट सांगतो.

किंग क्रिमसनचं 'एलिफंट टॉक' (१९८१). गिटारमधून हत्ती ओरडतो, खरंच. आणि शब्द ए पासून सुरू होणारे, मग बी, मग सी, डी, ई असे. मोठ्यानं ते एबीसीडी शिकताना लावलं होतं. पण त्याच बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमचं कव्हर, तो लाल किंचाळणारा चेहरा, मुलांच्या हातात देऊ नका. धाकट्यानं ते बघून मोबाईल सोफ्याखाली टाकला होता.

कव्हर दाखवायचीच तर येसची दाखवा, रॉजर डीननं काढलेली. 'फ्रॅजाइल'वर एक छोटासा ग्रह आणि वर तरंगणारं लाकडी जहाज आहे, आमच्याकडे ते बघून दोघांनी महिनाभर ग्रह काढले, भिंतीवर पण.

जेथ्रो टल. बासरीवाला इयन अँडरसन एका पायावर उभा राहून वाजवतो, त्याचा व्हिडिओ दाखवला की पुढचा अर्धा तास घरात सगळे बगळे. त्यांचा १९७२ चा 'थिक अॅज अ ब्रिक' म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि शब्द कुणी लिहिले तर म्हणे आठ वर्षांच्या मुलानं, जेराल्ड बॉस्टॉक. असा मुलगा नव्हताच, थाप होती, कव्हर म्हणून अख्खं खोटं वर्तमानपत्र छापलेलं, शब्दकोड्यासकट. आमचा मोठा आता आठचा आहे, त्याला ही थाप इतकी आवडलीय की तो शाळेच्या वहीवर जेराल्ड लिहितो. टलचं 'अॅक्वालंग' मात्र नको, शब्द मुलांसाठी नाहीत.

आणि फ्लॉइडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल'. त्यात लंडनच्या शाळेतली खरी मुलं गातात म्हणून पोरांना लगेच आवडतं. व्हिडिओ नको. मुलं मशीनमधून निघतात त्यात. मी अनुभवानं बोलतोय, तीन रात्री आमच्यात झोपले दोघं.

मनीमाऊची आई

@ढगातला बोका भिंतीवर पण 😂

आणखी एक आठवलं, गोष्टीवालं मूल असेल तर कॅमलचं 'द स्नो गूज', १९७५. शब्द अजिबात नाहीत. पॉल गॅलिकोच्या एका छोट्या कथेवर बेतलंय: दलदलीच्या काठावर एकटा राहणारा चित्रकार, एक मुलगी जखमी हंसिणीसारखा पक्षी घेऊन त्याच्याकडे येते, दोघं मिळून तो बरा करतात. मी रात्री गोष्ट मराठीत सांगते आणि मागे ते बारीक आवाजात. एका तुकड्यात बासरी येते, तिथे माझी लेक आपोआप हात पंखासारखे हलवते. पुढे युद्ध येतं आणि तो माणूस परत येत नाही, तो भाग मी दोन वर्षं गाळला, मागच्या महिन्यात तिनंच विचारलं की या गाण्यात ढोल का वाजायला लागले, मग सांगितलं. गप्प राहिली, मग म्हणाली पक्षी परत आला का. आला, म्हंटलं.

कानाडोळा

मी फक्त आवाजाबद्दल. लहान मुलांना हेडफोन लावून हे ऐकवू नका, या गाण्यांमध्ये दहा मिनिटं कुजबुज आणि मग एकदम स्फोट असतो, आपण कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवतो आणि मग कान जातात. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. साधा स्पीकर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्यावर बोलता यायला हवं. गाडीत तर नकोच, घाटात अजिबात नको 🙂

अर्धाचहा, नाशिक

तीन आठवड्यांनी अपडेट, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

@उगाचच चं ऐकून मी काही लावून दिलं नाही, म्हणजे तिला बसवलं नाही. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर स्वतःपुरतं 'ट्युब्युलर बेल्स' लावलं, शेवटची आठ मिनिटं, आणि कांदा चिरत बसलो. चिऊ आली, विचारलं "घड्याळं आहेत?" म्हंटलं नाहीत, घंटा आहेत, पण आधी सांगतात. ती टेबलाखाली बसली. "ग्रँड पियानो" झालं, काही नाही. मँडोलिनला बाहेर आली. घंटांच्या वेळी माझा हात धरला, कांद्याचा हात, नंतर डोळे चोळले आणि रडली, म्हणजे परत माझ्यामुळेच रडली, पण कांद्यानं.

पुढच्या रविवारी तिनंच मागितलं. आता गुहेतले काका रोज, आई (माझी) म्हणते या माणसाला पोटाचा काहीतरी त्रास असणार.

वाय वाय झी डब्यावर जमत नाहीये अजून, डॉट आले की हसते आणि विसरते. धाधिंना काकांचं धाऽ ति धाऽ धाऽ बायकोला पाठ झालंय, मला नाही. फ्लॉइडचं 'एकोज' एकदा रात्री बारीक लावलं होतं, सुरुवातीचा तो थेंबासारखा एक सूर आवडला तिला, "पाण्यात कोणीतरी आहे" म्हणाली, पण मधला तो किंकाळ्यांचा भाग येण्याआधी मी बंद केलं. तो आवाज म्हणे गिटारच्या पेडलला वायरी उलट्या लागल्यामुळे निघाला होता, ते मोठी झाल्यावर सांगेन.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून चिऊचा आवाज, जाड काढलेला, एकेक शब्द तोडून. "कुकर!" आणि शिट्टी. थोड्या वेळानं "मिक्सर!" आणि आईनं खरंच मिक्सर लावला. मग "फोडणी!" मग बराच वेळ काही नाही, मी ब्रश हातात धरून तसाच उभा. आणि मग सगळ्यात मोठ्यानं, "आणि... आजीच्या... बांगड्या!"

आईनं वाजवल्या.